मुठीमागला

प्रेमराजला कविता येत होती याबद्दल भडगावात कुणालाच शंका नव्हती. त्याला जगणं येतं की नाही, याबद्दल मात्र दोन मतं होती. थोरला भाऊ लोटन पहिल्यापासून दुसऱ्या मताचा. धुळ्याच्या कॉलेजातली बरी चाललेली नोकरी सोडून हा माणूस बायकोला घेऊन कॅनडात विनिपेगला गेला. वर्षातले पाच महिने बर्फ पडणाऱ्या त्या गावात तो पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला लागला आणि मग अख्खं आयुष्य भडगाववर कविता लिहीत बसला. लोटन म्हणायचा, इतकं आठवतं तर गेला कशाला? प्रश्न सोपा होता, पण प्रेमराजला त्याचं उत्तर कधी आलं नाही. उत्तर आलं असतं तर कविता कशाला लिहिल्या असत्या म्हणा.

त्या कवितांमधूनच पुढे त्याचं अध्यात्म निघालं. ओव्या झाल्या, चिंतनाची पुस्तकं झाली. शनिवारी सकाळी तो फोनवर निरूपण करायचा आणि अमेरिका-कॅनडातली शे-दीडशे मराठी माणसं आपापल्या स्वयंपाकघरात चहा ढवळत ऐकायची. त्यातले काही जण त्याला 'स्वामीजी' म्हणत. तो 'अहो, मी कसला स्वामी' म्हणायचा, पण फार जोरात म्हणायचा नाही. बायको, रत्ना, होती तोवर ती फोनच्या मागून हसायची. ती गेल्यावर हसायलाही कुणी उरलं नाही.

त्याची सगळ्यात गाजलेली कविता होती रत्ना गेल्यावर लिहिलेली, सव्वा मुठीची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ-डोरलं घालून, केळीच्या खांबांत तिला बसवतात. तिच्या नैवेद्याचे रोट ज्या गव्हाचे करायचे, ते गहू मापून घ्यायचे असतात. प्रेमराजच्या घरची रीत अशी की घरातल्या कर्त्याने आंघोळ करून कोठीपुढे बसायचं आणि थोरापासून धाकट्यापर्यंत एकेका पुरुषाचं नाव घेऊन सुपात सव्वा मूठ टाकायची. माणूस गावात असो, परगावी असो, त्याची मूठ चुकत नाही. चुलतभाऊ जीवराम मारामारीपायी तुरुंगात होता, तेव्हाही त्याची मूठ पडली होती. आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याच्या ताटात जायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर तर नाहीच नाही.

दर श्रावणात विनिपेगला प्रेमराज खिडकीशी बसायचा. तिकडे आत्ता माझं नाव घेतलं असेल, असं मनाशी म्हणायचा, आणि ते म्हणणं त्याला वर्षभर पुरायचं. त्यावरच त्याने लिहिलं होतं:

गिरणेकाठी दळलं मला, सव्वा मूठ भरून;
बर्फाकाठी उरलो मी, बोटांमधून सरून.

ही कविता ऐकून परदेशातली मोठमोठी माणसं रडली होती. यंदा सत्तरी ओलांडली आणि एका सकाळी घरातल्या घरात जिना चढताना छातीत कळ आली, तेव्हा त्याने ठरवलं की आता कवितेवर भागवायचं नाही. आपल्या नावाच्या मुठीचा रोट, आपल्या घराच्या पंगतीत बसून, एकदा खायचा. त्याने तिकीट काढलं आणि लोटनला फोन केला. पलीकडून लोटन नेहमीसारखा दोनच शब्द बोलला, "या तुम्ही." अलीकडे बरीच वर्षं भाऊ असाच तुटक बोलत होता. म्हातारपणी माणूस आटतो, असं प्रेमराजने स्वतःला समजावलं होतं.

जळगाव स्टेशनवर पुतण्या नवल घ्यायला आला होता. एवढा चाळिशीतला बाप्या, फलाटावर चारचौघांत त्याने प्रेमराजपुढे सरळ लोटांगण घातलं.

"अरे, काय हे नवल! ऊठ."

"चला, काकामहाराज," नवल म्हणाला.

काकामहाराज! प्रेमराजला मोठी गंमत वाटली. पाचोऱ्यापर्यंत तो मनातल्या मनात हसत होता. पोरगं चेष्टेखोर निघालं, आजीवर गेलंय.

घरी पोचल्यावर मात्र त्याचं हसू हळूहळू उतरलं. लोटन दारात उभा होता. ऐंशीला टेकलेला, पाठीतून वाकलेला, हातात पाण्याचा तांब्या. त्याने प्रेमराजचे पाय धुतले आणि धाकट्या भावाच्या पावलांवर डोकं टेकवलं.

"भाऊ! कसाले मस्करी करस?"

लोटन हसला नाही. "या महाराज. तुम्हनी पायधूळ पडनी, घर पवित्र व्हयनं."

मागे वहिनी, प्रमिलाबाई, डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी होती. याच बाईने त्याला 'नाना, नाना' करत लग्नाआधीची तीन-चार वर्षं जेवू घातलं होतं, ताटातलं टाकलं तर कान धरला होता. ती वाकली, पायांना हात लावला आणि मागे सरकली.

त्याची सोय माडीवर केली होती. गादी नव्हती. दर्भाचं आसन, चटई, नवाकोरा कमंडलू. सत्तरीच्या गुडघ्यांना चटईवरून उठता येईना. प्रवासभर त्याच्या जिभेवर कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा नाचत होता, तर वर आलं दूध आणि केळी. संध्याकाळी पुन्हा दूध आणि केळी. श्रावण आहे, असेल उपास, असं म्हणून त्याने गिळलं. खालून मात्र ठेच्याचा खाट येत होता आणि तो माडीवर एकटा शिंकत होता.

देवघरात पाया पडायला गेला तेव्हा त्याने भिंत पाहिली. देवांच्या रांगेत त्याचा स्वतःचा फोटो होता, काचेत मढवलेला, समोर उदबत्ती. वर्तमानपत्रातलं कात्रण मोठं करून घेतलेलं. अंगावर भगवी शाल, गळ्यात रुद्राक्षमाळ, खाली छापलेलं: स्वामी प्रेमराज.

त्याला तो दिवस आठवला. रत्ना गेली त्या साली तिच्या अस्थी घेऊन तो आला होता. परतीच्या आदल्या दिवशी धुळ्यात एका मंडळाने सत्कार केला. नारळ दिला, हातात होती ती भगवी शाल पांघरली, कुणीतरी हौसेने माळ घातली. रडून सुजलेले डोळे तेजस्वी दिसले असावेत. फोटो काढला, तो निघून गेला. पेपरात काय छापून आलं ते त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्या दुःखात त्याने विचारलंही नव्हतं. आपण जिवंत असताना आपल्याला उदबत्ती लागलेली बघणं काही बरं नव्हे. पण सकाळी भावाशी निवांत बोलू, हसू, संपवून टाकू, असं ठरवून तो झोपला.

सकाळी बोलायला सवड कुठली! तो उठेपर्यंत भाऊबंद जमले होते, गव्हाचं माप पडायचं होतं. प्रेमराजने घाईघाईने आंघोळ केली आणि पुरुषांच्या ओळीत जाऊन बसला. त्याच्यासाठी सगळे जण हातभर सरकले. मान देऊन सरकले, पण सरकले. त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जमीन राहिली.

लोटन कोठीपुढे बसला. पहिली मूठ कानबाईच्या नावाने. मग आपली, "लोटन." मूठभर गहू सुपात पडले, वर तीन बोटांची चिमूट. प्रेमराज पोरासारखा पुढे सरसावून बसला. वयाने आता त्याचाच नंबर. जगात इतकी व्याख्यानं दिली, इतके हार घेतले, पण आपलं नाव पुकारलं जाण्यासाठी असा जीव कधी कानांत गोळा झाला नव्हता.

"पितांबर," लोटन म्हणाला.

पितांबर चुलतभाऊ, प्रेमराजहून धाकटा. चुकलं असेल, वय झालं भावाचं, प्रेमराजने वाट पाहिली. जीवराम. नवल. नवलची पोरं. परगावी असतील त्यांची शेवटी घेत असतील, असंही वाटलं. पण पुण्याचे आले, सुरतेचे आले. शेवटी पाळण्यातल्या नातवाचं नाव घेऊन लोटनने एवढीशी मूठ टाकली, सुपाला हात जोडले आणि उठला. बायका सूप घेऊन दळायला गेल्या. घरातलं जातं घरघरायला लागलं.

प्रेमराज तिथेच बसून राहिला. ओळ उठून गेली तरी बसून राहिला. लोकांना वाटलं, महाराजांची समाधी लागली.

जातं थांबल्यावर तो परसात गेला. लोटन गाईला चारा टाकत होता.

"भाऊ," प्रेमराज म्हणाला, "मन्ही मूठ कोठे शे?"

लोटन गोंधळला. "साधूले मूठ ऱ्हास का महाराज? साधूले घर नही, गोत नही. तुम्हीन संन्यास लिधा, त्यानंतर बंद करी. नहीतर तुम्हना व्रतले दोस लागता."

"मी कवय लिधा संन्यास?"

चाऱ्याची पेंढी लोटनच्या हातातच राहिली.

प्रेमराजने सगळं सांगितलं. धुळ्याचा सत्कार, शाल, माळ, छापणाऱ्याचा शहाणपणा. विनिपेगच्या घरात आपण अंडी उकडून खातो, हेही सांगून टाकलं. लोटन ऐकत होता आणि त्याचा चेहरा लाल होत होता.

"इतला वरीस मी तुन्हा फोटोले उदबत्ती लावस!" तो ओरडला. "काल धाकला भाऊना पाय धुयात मी! तू सांगं का नही?"

"माले कोणी इचारं का?"

"साधूले कोण इचारस?"

दोघेही बरोबरच बोलत होते, हीच तर पंचाईत होती. लोटनने फोनवर संसाराचं बोलणं बंद केलं, ते साधूचं मन गढूळ होऊ नये म्हणून. प्रेमराजने विचारणं बंद केलं, ते भाऊ बोलत नाही म्हणून. एवढ्या वर्षांत दोन म्हातारे समुद्राच्या दोन काठांवर एकमेकांचा मान राखत बसले होते, आणि मान राखता राखता माणूस हातचा गेला होता.

मग प्रेमराजला जे विचारायचं नव्हतं तेच तोंडातून आलं. "आणि माय?"

लोटनने मान खाली घातली.

"माय गयी," प्रेमराज म्हणाला, "तवय तुम्ही माले तेरावं-गंधमुक्ती सगळं व्हयन्यावर फोन करा. मी बर्फमा एकला रडनू, भाऊ. माले वाटनं, आते तुम्हले मन्ही गरज नही."

"मठना म्हाराजले इचारं व्हतं मी," लोटन म्हणाला. "त्या बोलनात, साधूले सुतक नही, त्यान्ही साधना मोडू नका." गाय त्याच्या हातातली पेंढी ओढत होती. "माय आयकेच ना. रोज म्हने, त्याले बलाव. मी सांगे, साधूले बलावतस नही. ती म्हने, साधू व्हवो का भगवान व्हवो, मना पोऱ्याच शे ना तो?"

प्रेमराजने गाईच्या पाठीवर हात ठेवला. कशाला तरी धरणं भाग होतं.

मग लोटनने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. तो कर्ता होता, आणि कर्त्याला रडण्याच्या पुढचं पाहावं लागतं. "पीठ दळाई गयं," तो म्हणाला. "आते मूठ पडाव नही. देवीना घरनं माप शे, मन्हं नही." आणि मागे वळून न बघता निघून गेला.

माप मोडता येत नाही, हे प्रेमराजला समजत होतं. त्या मापाच्या पक्केपणावरच तर त्याने कविता उभी केली होती. फक्त ती उभी करताना खाली गहू नव्हते. रत्ना गेल्यानंतरच्या ज्या श्रावणांत तो खिडकीशी बसून म्हणत होता की आत्ता माझं नाव घेतलं असेल, त्या श्रावणांत इथे पितांबरचं नाव घेतलं जात होतं. लोक रडले ती कविता खोटी होती, आणि तिच्या आधारावर ढकललेले दिवसही आधाराविना गेले होते. हे कळल्यावर माडीवरची चटई फार थंड लागली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दर्शनाला आलेल्या शेजारच्या सुमनबाईला तो म्हणाला, "बाई, मी साधू नाही. साधा माणूस आहे." सुमनबाईने गहिवरून त्याचे पाय धरले. "खरा साधूच आसं बोलस," ती म्हणाली आणि जाऊन आणखी चौघींना घेऊन आली. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती की महाराजांना अहंकार उरलेलाच नाही. एकदा पुढच्या माणसांनी ठरवलं की मग सुटका नसते. प्रेमराज केळी सोलत बसला. लोटन दिवसभर माडीवर फिरकला नाही. वहिनीने दूध जिन्याच्या पायरीवर ठेवलं आणि ती गेली. तिच्या डोळ्यांवरून तिलाही कळलेलं दिसत होतं, पण महाराज म्हणावं की नाना, हे ठरत नसावं.

रविवारी कानबाई बसली. बायकांच्या गाण्यांनी घर भरून गेलं, उंबऱ्यापर्यंत तुपाचा वास आला. दुपारी भाऊबंदांची पंगत मांडली तेव्हा प्रेमराज आपणहून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आत राहून कुणाला अवघडवायचं कशाला? बुधवारचं परतीचं तिकीट होतं. सामान फार नव्हतंच. दार लोटलेलं होतं. आतून ताटं सरकवल्याचे, पाट ओढल्याचे आवाज येत होते, आणि त्याला आजोबा आठवत होते.

तो जन्मला होता श्रावणातच, मूठ मापून झाली त्याच संध्याकाळी. दळण झालेलं, आता मूठ पडेना. तेव्हा घरात कर्ते आजोबा होते. आई सांगायची, आजोबांनी पंगतीत त्याला मांडीवर घेतलं आणि आपल्या रोटाचं बोट त्याच्या ओठाला लावलं. मापानंतर घरात आलेल्या पोराचं घरी असंच करतात. पहिल्या श्रावणी ते कर्त्याच्या ताटातलं खातं, पुढच्या श्रावणी त्याची मूठ. त्यामुळे शाळेत जाईपर्यंत त्याला प्रेमराज असं कुणी म्हटलंच नाही. मुठीमागून आला, म्हणून मुठीमागला. लोटन तर नदीवर पोरांसमोर त्याच नावाने हाका मारायचा आणि हा रडत घरी यायचा. त्या नावाने चिडवणारं आता कुणी नव्हतं. पूर्वी आई फोनवर कधीमधी म्हणायची.

आतली कुजबुज एकदम थांबली. पंगतीत काहीतरी झालं होतं. पितांबरचा आवाज आला, "पन भाऊ, महाराजले कसं..." आणि त्यावर लोटनचा, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा:

"महाराज-बिहाराज कोणी नही! धाकला भाऊ शे मना. माप व्हयन्यावर घरमा उना. आसा पोऱ्यानं या घरमा काय करतस, तुले म्हाईत नही का?"

दार उघडलं. म्हातारा उंबऱ्यात उभा होता, हात तुपाने माखलेला.

"ओ मुठीमांगला!" त्याने हाक मारली. "बाहेर काय बठना? चाल घरमा."

प्रेमराज उठला. नवलने पुढे होऊन धरलं. सगळी पंगत बघत होती. कुणाला हसू फुटत होतं, कुणी तोंड फिरवून डोळे पुसत होतं. त्याच्यासाठी वेगळं ताट नव्हतं, पाटही नव्हता. लोटन आपल्या पाटावर बसला, एक मांडी सरकवून त्याने शेजारी हात आपटला. तेवढ्याशा पाटावर दोन म्हातारे खेटून बसले. सत्तरीतला हा बाळ मांडीवर काही मावणार नव्हता, पण खांद्याला खांदा मात्र लागला. प्रेमराजला आठवेना, शेवटचं असं कुणाला टेकून कधी बसलो होतो.

लोटनने आपला जाडजूड रोट मोडला, गुळात दाबला आणि घास त्याच्या तोंडापुढे धरला. प्रेमराजला तोंड उघडवेना. पुढे वाढायला उभी असलेली प्रमिलाबाई म्हणाली, "नाना, आ करा."

घास हवेतच होता.

"माय बोलनी व्हती, त्याले बलाव," लोटन हळूच म्हणाला, त्याच्याकडे न बघता. "आज बलावं. खाय."